ठ नसलेली फाइल

ती गेली तो मंगळवार होता. दुपारी दवाखान्यातून फोन आला. मी गॅस बंद केला, किल्ली घेतली आणि निघालो.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. घरात माणसं होती, कोणीतरी चहा करत होतं, कोणीतरी माझ्या हातात पाण्याचा पेला देत होतं. तेराव्यानंतर सासूबाई कळव्याला परत निघाल्या, तेवढं मात्र स्पष्ट आठवतं. चपला घालायला त्या दारातल्या स्टुलावर बसल्या होत्या. मला त्या मास्तर म्हणतात. मी कधी कुठे शिकवलेलं नाही, डोंबिवलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, हे लग्न झाल्यापासून त्यांना सांगत आलो. "पुस्तकांचाच ना? मंग मास्तरच," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

चपलेचा पट्टा सोडून त्यांनी वर बघितलं.

"मास्तर, ती लिवत व्हती, त्याचं काय झालं?"

"आहे. कॉम्प्युटरमध्ये आहे."

"मना वाचून दाखवते बोल्लेली."

"मी दाखवीन वाचून."

"बघ हां. मी थांबलेय त्याच्यासाठी."

त्या काय लिहिण्याबद्दल बोलत होत्या ते मला माहीत होतं, पण त्यातलं एक अक्षरही मी वाचलेलं नव्हतं.

माझी बायको टायपिंगचं काम करायची. मराठी टायपिंग. लग्नपत्रिका, प्रबंध, सोसायटीचे अहवाल, दिवाळी अंकांचे मजकूर. ठाण्यातल्या एका छपाईच्या दुकानात ती कामाला होती तेव्हाच आमची ओळख झाली. कॉलेजच्या वार्षिकाची मुद्रितं तपासायला मी तिथे जायचो. ती पडद्याकडे बघायचीच नाही. डोळे कागदावर, बोटं आपली चाललेली, आणि चूक झाली की ती न बघताच थांबायची. कशी कळते, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "आवाज वेगळा येतो." मला काही वेगळा आवाज ऐकू आला नव्हता. पण त्या दिवसापासून मी मुद्रितं जरा सावकाश तपासायला लागलो.

लग्नानंतर तिने घरीच काम सुरू केलं. आतल्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं. शेवटच्या काही वर्षांत बाहेरचं काम कमी झालं. आता सगळे आपापलं फोनवरच लिहितात. तेव्हा दुपारी ती स्वतःचं काहीतरी लिहू लागली. मी विचारलं.

"मिठागराचं लिहितेय."

तिचे आईवडील कळव्याच्या खाडीकाठी मिठागरावर राबले होते. तिचं लहानपण त्या बांधांवर गेलं. नंतर मिठागर बंद पडलं, गावाजवळच्या शेतजमिनीवर इमारती उठल्या, आणि आता सासूबाई ज्या सातव्या मजल्यावर राहतात तिथून खाली फक्त खारफुटी दिसते.

"मला दाखव की," मी म्हटलं.

"आईला आधी वाचून दाखवायचंय. तिला वाचता येत नाही ना. तुम्ही नंतर वाचा, अहो."

"नंतर म्हणजे?"

"झालं की."

मी वाट बघायला तयार होतो. ग्रंथालयात माणसाला ती सवय लागतेच.

ती गेल्यावर कितीतरी महिने मी तिचा कॉम्प्युटर लावला नाही. त्यावर तिने स्वतः शिवलेलं कापडी आवरण होतं. शनिवारी खोली झाडताना मी त्याच्याभोवतीने केरसुणी फिरवायचो. अखेर सासूबाईंचा फोन आला. "मास्तर, पाऊस सरला," एवढंच त्या म्हणाल्या. त्याचा अर्थ मला समजला. मी आवरण काढलं.

फाइलचं नाव तिने रोमन अक्षरांत 'मीठ' ठेवलं होतं. मी ती उघडायला गेलो तर पडद्यावर एक चौकट आली. फाइल खराब झाली आहे, उघडता येत नाही. मी चौकट बंद केली आणि पुन्हा प्रयत्न केला. कॉम्प्युटर बंद करून लावला. तिच्या खुर्चीत बसून मी तीच चौकट पुन्हापुन्हा वाचत राहिलो, जणू कधीतरी तीत वेगळं काही लिहिलेलं असेल. आतून डिस्कचा टकटक आवाज येत होता. तो मात्र मलाही ऐकू आला.

असल्या कामाचं दुकान कल्याणला स्टेशनबाहेर आहे, असं सोसायटीत कोणीतरी सांगितलं. मोबाइलच्या दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर. आत गेलो तर एक बाई पोळीभाजी खात खात एका उघड्या लॅपटॉपकडे बघत होत्या. दुकान त्यांचंच होतं. मी डबा होईपर्यंत थांबतो म्हटलं तर म्हणाल्या, "बसा काका, माझा डबा कधी होतच नाही. बोला."

मी डिस्क दिली. किती वर्षं जुनी, कधीपासून बंद, कुठे ठेवली होती, सगळं त्यांनी विचारलं. पावसाळाभर बंद होती, हे ऐकून त्यांनी मान हलवली.

"काय आहे आत? फोटो?"

"एक फाइल. लिहिलेली."

"एकच?"

"एकच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "फाइल जशीच्या तशी मिळणं कठीण, काका. वरचं खोकं मोडलंय असं समजा. आतला मजकूर जेवढा निघेल तेवढा काढते. फोन करीन."

फोन आठवड्याने आला. आवाजात आनंद नव्हता.

"काका, निघालं तर आहे. पण कचरा निघालाय. या, बघून जा, मग पुसून टाकू."

मी गेलो. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. इंग्रजी अक्षरं, मोठी-लहान मिसळलेली, मध्येच आकडे, कंस, डॉलरची खूण, टक्क्याची खूण. पानामागून पान असंच.

"बघा ना. कशाचा कशाला पत्ता नाही."

मी बघत होतो, आणि मला माझं घर आठवत होतं. सकाळचे नऊ-साडेनऊ, आमचा फोन वाजतोय, आणि पलीकडून कोणीतरी वैतागून बोलतंय, "अहो वहिनी, हे काय चिनी भाषेत पाठवलंय? मुलीचं लग्न आहे आमच्या, चीनमध्ये नाही!" आणि ती हसत हसत सांगतेय, "तुमच्याकडे फाँट नाही ना काका. फाँट टाका, मराठी दिसेल." तिच्या धंद्यातल्या सगळ्यांसारखी तीही जुन्या फाँटात टाइप करायची. त्या फाँटात मराठी अक्षर हे खरं तर इंग्रजी अक्षरच असतं, फक्त वर मराठी चेहरा चढवलेला. फाँट नसला की चेहरा उतरतो आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. नवी पद्धत आली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, बदल आता. "बोटांना सांगा," म्हणाली होती.

"हा कचरा नाही," मी म्हणालो. "मराठी आहे."

बाईंनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना माझी काळजी वाटली असावी.

"पुसू नका. मी फाँट आणतो."

फाँट तिच्या टेबलाच्या खणात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होता. डब्यात लग्नपत्रिकांचे नमुने, गणपतीचे छाप असलेले चिकटकागद, आणि खाली एका पाकिटात सीडी. पाकिटावर तिच्या हस्ताक्षरात 'फाँट. हरवू नये.' मी दुसऱ्याच दिवशी परत कल्याणला गेलो. सीडी घालायला तिथल्या एकाही नव्या लॅपटॉपला जागा नव्हती. बाईंनी माळ्यावरून एक वेगळा ड्राइव्ह काढला, फुंकर मारून धूळ उडवली, वायर जोडली. मग सगळा मजकूर निवडला आणि फाँट बदलला.

एका क्षणात सगळं पान पालटलं. उभ्या काड्या, आडव्या रेघा, वेलांट्या.

"अगं बाई," दुकानवाल्या बाई म्हणाल्या. "मराठी आहे की हो!" आणि त्यांनी पहिली ओळ मोठ्याने वाचायला घेतली. तीन शब्द वाचून थांबल्या. "काका, तुम्ही वाचा. तुमचं आहे."

मी तिथे वाचलं नाही. छापून घेतलं, फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि घरी आलो. गाडीत पाकीट उभं धरून बसलो होतो, कागदांना घडी पडू नये म्हणून.

घरी वाचायला बसलो तेव्हा पहिल्याच पानावर लक्षात आलं, जागोजाग रिकामे चौकोन आहेत. बाईंना फोन केला. त्यांनी समजावलं तेवढं कळलं: काही अक्षरं त्या जुन्या फाँटात अशा खुणांवर बसवलेली होती की त्या खुणा मजकूर काढताना टिकल्या नाहीत. कुठली अक्षरं, ते मला थोड्या वेळात समजलं. श्र नव्हता. द्य नव्हता. ते फारसे लागत नाहीत. पण ठ नव्हता. पूर्ण मजकुरात एकही ठ नव्हता.

आणि तो मजकूर मिठाबद्दल होता. ओळीओळीत तो शब्द होता, आणि प्रत्येक ठिकाणी कागदावर उरलं होतं ते 'मी', आणि पुढे एक रिकामी चौकट. मी□. मी□. मी□. मिठागर तर सगळीकडे 'मि□ागर' झालं होतं. त्या दिवशी मी त्याहून पुढे वाचू शकलो नाही.

माझी ताई ठाण्याला राहते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "एकटा नको बसूस ते घेऊन. मी येते." आली ती चष्मा, पेन्सिल आणि खोडरबर घेऊनच. जेवणं झाल्यावर आम्ही बाहेरच्या खोलीत कागद पसरले. ठ भरायचं काम सोपं होतं. ताई चौकोनात ठ काढत जायची, वळणदार, फळ्यावर काढावा तसा.

मग ती थांबली.

"अरे, ठच नाही फक्त. ण पण गेलाय."

"कुठे?"

"हे बघ. पानी. आनि. हे जेवन. आणि ळ बघ, डोले, काला, उनाला. आणि गाडीची गारी झालीये, झाडाचं झार. काय रे हे मशीन! ण, ळ, ड, सगळे खाल्ले."

मीही वाकून बघितलं. खरंच होतं.

"थांब, मी करते दुरुस्त. तू चहा टाक."

दुपारचं ऊन, ताईच्या पेन्सिलीचा आवाज, आत उकळणारा चहा. त्या दोन-तीन दुपारी मला बऱ्या गेल्या. घरात दुसऱ्या माणसाचा श्वास होता. ताई कुरकुरत कुरकुरत काम करत होती. "इथे ड शाबूत आहे बघ, डोलेमधला, आणि पुढच्याच शब्दात गेला. या मशीनचं काही खरं नाही." दुरुस्त झालेली पानं मी लॅपटॉपवर नव्या पद्धतीने टाइप करून घेत होतो. सासूबाईंना वाचून दाखवताना अडखळायला नको म्हणून.

टाइप करताना मला एक ओळ लागली. ताईने दुरुस्त केल्यावर ती अशी होती: मीठ पिकायला लागलं की आई मला बांधावर बसवायची. म्हणायची, पाणी उन्हात निजलंय, त्याला उठवू नकोस.

ओळ चांगली होती. खाडीचं पाणी मिठागरात घेतात, बांध घालून उन्हात स्थिर ठेवतात, ते हललं नाही तरच मीठ धरतं, एवढं मला माहीत होतं. पण ती ओळ वाचताना मला तिचा आवाज ऐकू येत नव्हता. म्हणजे येत होता, पण तो पाहुण्यांशी बोलतानाचा. पदर सारखा करून, बाहेरच्या खोलीत.

मी मूळ छापलेल्या कागदावर पेन्सिलीच्या खाली काय होतं ते बघितलं. मी□ पिकाला लागलं का आयस मना बांधावर बसवाची. बोलाची, पानी उनान निजलंय, त्याला उ□वू नको.

ताईने नुसती अक्षरं भरली नव्हती. आयसची आई केली होती, मनाचं मला केलं होतं. तिचाही दोष नव्हता. जिथे पानी आहे तिथे मनाही मोडलेलंच वाटणार.

मी ते मनातल्या मनात वाचलं, आणि मला स्वयंपाकघराचं लोटलेलं दार आठवलं. आईशी फोनवर बोलायची असली की ती फोन घेऊन तिथे जायची. दाराआडून मला शब्द कळायचे नाहीत, नुसता सूर यायचा. भराभर, मोकळा, मध्येच खोल हसू. आमच्याशी बोलताना ती असं हसायची नाही. आमच्या घरात आल्यावर वर्षभरातच ती आमच्यासारखं बोलायला लागली होती. कोणी सांगितलं नव्हतं. मी पाणी प्यायला आत गेलो की वाक्य अर्ध्यावर बदलायचं. "बरं आई, ठेवते," म्हणायची, शुद्ध. मी कितीदा तरी तहान लागूनही बाहेर थांबलोय. तो सूर तुटू नये म्हणून.

मी ताईला हाक मारली.

"ताई, यंत्र अक्षर खातं. एकाच्या जागी दुसरं ठेवत नाही."

"म्हणजे?"

"ठ गेला तिथे चौकोन आहे. मग ण गेला असता तर तिथेही चौकोन असता. न कुठून आला?"

ताईने चष्मा वर केला. मी पुढची पानं काढली, अजून तिने हात न लावलेली. मजकुराच्या मध्ये बरीच पानं निघालेलीच नव्हती. त्या खंडानंतर ती लग्न होऊन डोंबिवलीला येते तो भाग होता. मी मोठ्याने वाचला. "लग्नानंतर या घरात आले तेव्हा मला सगळ्यांत आधी दिसलं ते पाणी. गाळलेलं, झाकलेलं, पितळेच्या भांड्यात □ेवलेलं. आमच्या दारात पाणी येई ते खाडीचं, न विचारता." पाणी. गाळलेलं. पितळेचं. ण होता. ळ होता. ड होता. पानभर एकही चूक नव्हती.

ताईने ते पान माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. मग पहिल्या पानावर गेली. मग परत या पानावर आली.

"अरे," ती म्हणाली, "म्हणजे माहेरचं माहेरच्या बोलीत लिहिलंय, आणि आपलं आपल्या."

"हो."

"आणि मी तिच्या अख्ख्या माहेरावरून पेन्सिल फिरवली." तिने खोडरबर माझ्याकडे सरकवला. "तू त्या टोकाने सुरू कर. मी इकडून करते."

आम्ही दोघं खोडत बसलो. पुसताना ताई एकेक शब्द वाचत होती, आधी पुटपुटत, मग जरा मोठ्याने. आयस. बापूस. उनान. एका ठिकाणी तिला हसू आलं. "किती वर्षं माझ्याशी बोलली रे ही. यातलं एकदाही ऐकवलं नाही मला."

"मलाही नाही."

"तुला पण नाही?"

मी मान हलवली. ताई पुन्हा खोडायला लागली. निघताना दारात म्हणाली, "ठ तेवढे मी भरलेले ठेवलेत. तेही पुसू का?" मी विचार केला आणि म्हटलं, पुसू. तिने परत चपला काढल्या.

ती गेल्यावर मी एकटाच शेवटच्या पानापर्यंत गेलो. डोंबिवलीचा भाग दोन-तीन पानांचाच शिल्लक राहिला होता. शुद्ध, नेटका, आमच्या घरासारखा. आमच्या बाल्कनीतली मोगऱ्याची कुंडी होती, माझी आई होती, मी होतो, पुस्तकाला कागदाचं कव्हर घालत बसलेला. सगळं आदराने लिहिलेलं. मी वाचत होतो आणि मनात काहीतरी मागत होतो, काय ते मला नीट सांगता आलं नसतं. त्या दुसऱ्या सुरातलं, दाराआडचं, एखादं वाक्य माझ्या वाट्याला यावं, असं काहीतरी.

शेवटच्या पानाच्या तळाशी ही ओळ होती. ह्यांना जेवनान मी□ कमी लागतं. मी काय बोलत नाय, कमीच टाकते.

तिथे मजकूर संपला. वाक्यापुढे काही नव्हतं. नवा परिच्छेद सुरू झाला होता की नाही, तेही कळायला मार्ग नाही.

जेवनान. शुद्ध पानाच्या अखेरीस तो एक शब्द, ण च्या जागी न घेऊन आलेला, आणि मागोमाग तो नाय. बोटं थकली असतील. आईचा फोन नुकताच झाला असेल. किंवा माझ्याबद्दल लिहिताना तिला पदर सारखा करावासा वाटला नसेल. मी ते पान दिव्याखाली धरून पुष्कळ वेळ बसलो. मला मीठ कमी लागतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, आमच्या घरचा स्वयंपाक असाच असतो.

त्याच्या पुढच्या रविवारी कळव्याला गेलो. सासूबाई खिडकीपाशी खाटेवर बसल्या होत्या. मेव्हण्याच्या बायकोने चहा आणला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. मी कागद काढले.

"किती वेळ लावलास, मास्तर," सासूबाई म्हणाल्या. "मना वाटलं, मीच जाते तिला विचाराला."

मी वाचायला लागलो. त्यांची बोली माझ्या तोंडात बसत नव्हती, घसरत होती. आयस म्हणताना मला लाज वाटली. मेव्हण्याची बायको तोंडाला पदर लावून आत गेली आणि आतून हसण्याचा आवाज आला. सासूबाई हसल्या नाहीत. डोळे मिटून ऐकत होत्या. वाचताना ठ आपोआप येत होता. जिभेला चौकोन दिसत नाही.

निजलेल्या पाण्याची ओळ आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"खोटं हाय."

मी थांबलो.

"मी नाय बोल्ले तसं. तिचा बापूस बोलाचा. मी तर फटके द्याची पान्यान पाय घातला का." त्या आता हसत होत्या. "बापाचं नाव नाय लावलं. मना लावलं. वाच, वाच."

मी वाचत राहिलो. मधला खंड आला तिथे सांगितलं की इथली पानं मिळाली नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली. डोंबिवलीचा भाग त्यांनी शांतपणे ऐकला, परक्या घरी बसावं तसा. आणि मग मी शेवटची ओळ वाचली.

मग सासूबाईंनी खाटेवर हात मारला.

"आत्ता कललं! माहेरपनाला आली का कालवन अलनी कराची. मी बोलाची, पोरी, मि□ागरवाल्याची पोर ना तू, हात कसा आखरला तुजा? काय बोलाची नाय. नुसती हसाची." त्यांनी आतल्या खोलीकडे बघून ओरडून सांगितलं, "ऐकलंस का गो? या मास्तरापायी आमी अलनी खाल्लं!"

आतून पुन्हा हसू आलं. त्या मिठागर म्हणाल्या तेव्हा ठ स्पष्ट उमटला होता. तरी आत्ता लिहिताना माझ्या हातून तिथे चौकोन पडला आहे. सवयीने. तो मी तसाच राहू देतो.

"फुरं?" त्यांनी विचारलं. पुढे काय, असं.

"पुढे नाही. एवढंच निघालं."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली खारफुटीत पाणी भरत होतं, भरतीची वेळ होती.

"परत वाच," त्या म्हणाल्या. "शेवटचं नको. पयल्यापासून."

मी परत पहिल्यापासून वाचलं. या वेळी एकदोन ठिकाणी त्यांनी माझा उच्चार सुधारला. पुढच्या रविवारीही वाचलं. आता मधूनमधून जातो तेव्हा कागद बरोबर नेतो. एखाद्या रविवारी नेले नाहीत तर त्या पिशवीकडे बघतात.

स्वयंपाक मीच करतो. मीठ किती टाकायचं ते अजून हाताला नीट कळलेलं नाही.

फाइल माझ्या लॅपटॉपवर आहे, फाँटही आहे. ताईने पुसलेल्या पेन्सिलीच्या खुणा मूळ कागदांवर तिरप्या उजेडात दिसतात. फाइलमधली मधली पानं नाहीत. शेवट नाही. ठ कुठेच नाही. बाकीचं आहे.